वीरगळांची नोंद: साधे छायाचित्र, जोडचित्र की संगणकातील प्रतिकृती?

वेशीवरचा

नमस्कार. आमचे गाव माण तालुक्यात आहे. गावाच्या वेशीजवळ, महादेवाच्या देवळामागे, अकरा वीरगळ आणि दोन सतीशिळा उभ्या आहेत. त्यांच्यावर कोणाचे संरक्षण नाही आणि कोणाची मालकीही नाही. गेल्या वर्षी देवळाची डागडुजी झाली तेव्हा चार वीरगळांना हौसेने ऑइलपेंट फासला गेला. ज्यांनी ते केले त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही, परंतु उरलेले सात पुढच्या डागडुजीत चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये जातील अशी भीती मात्र वाटते. म्हणून आहे त्या स्थितीत त्यांची नीट नोंद करून ठेवावी असे मी ठरवले आहे.

अडचण अशी की मी काढलेली छायाचित्रे सपाट येतात. प्रत्यक्षात खालच्या चौकटीत गाईंचे खिल्लार, त्यावर लढाई, त्यावर वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा व चंद्रसूर्य हे सगळे बोटाने चाचपता येते. छायाचित्रात मात्र झिजलेल्या दगडावर करडे डाग दिसतात. लहानपणी मामांच्या घरी व्ह्यू-मास्टर होता. त्या चकतीतल्या इमारती डोळ्यांसमोर खऱ्या उभ्या राहत असत. दोन डोळ्यांसाठी दोन छायाचित्रे घेण्याची ती जुनी पद्धत, म्हणजे जोडचित्र, वीरगळांसाठी वापरली तर ती केवळ हौस ठरेल, की नोंद म्हणून तिला खरोखर किंमत आहे? आणि असल्यास दोन छायाचित्रांत अंतर किती ठेवावे? माझ्याकडे एकच कॅमेरा आहे.

रानवारा

उत्तम विषय आहे, वाचनखूण साठवली आहे. उत्तर देण्याइतके मला यातले समजत नाही, त्यामुळे पुढची रांग पकडून बसतो.

मोजपट्टी

मी गेली बारा वर्षे छायाचित्रांवरून इमारतींचे मोजमाप करण्याचे काम करतो, म्हणून स्पष्टच लिहितो. जोडचित्र ही आठवणींची गोष्ट आहे. प्रत्येक वीरगळाभोवती फिरून एकमेकांवर चढणारी पन्नास-साठ छायाचित्रे घ्या, शेजारी एक मोजपट्टी ठेवा आणि ती सगळी संगणकाला द्या. समान बिंदू तो स्वतः शोधतो, कॅमेऱ्याच्या जागा स्वतः काढतो आणि शेवटी तुम्हाला फिरवता येणारी, मोजता येणारी प्रतिकृती मिळते. हे करणाऱ्या आज्ञावली आज फुकट मिळतात. जोडचित्र हवेच असेल तर त्या साठांतील कोणतीही शेजारची दोन छायाचित्रे उचला म्हणजे झाले.

जपणुकीच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे त्याचे उदाहरण अफगाणिस्तानातील बामियानचे आहे. तिथल्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उडवल्या गेल्या. त्यानंतर झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी मोठ्या मूर्तीची प्रतिकृती संगणकात उभी केली. इंटरनेटवर सापडलेल्या आणि पर्यटकांनी काढलेल्या छायाचित्रांवरूनही त्यांनी प्रयत्न केले, परंतु भरवशाची प्रतिकृती मिळाली ती रॉबर्ट कोस्टका यांनी ऑगस्ट १९७० मध्ये मोजमापाच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांवरून. भिंगाचे गुणधर्म ठाऊक असलेली अवघी तीन छायाचित्रे तीस वर्षांनी उपयोगी पडली. व्ह्यू-मास्टरच्या चकतीवरून हे झाले नसते.

काचपट्टी

मोजपट्टी यांचे बामियानचे उदाहरण मोलाचे आहे, पण त्यातून मला उलटाच अर्थ दिसतो. कोस्टका यांनी १९७० साली छायाचित्रे घेतली तेव्हा आजची आज्ञावली कोणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यांनी फक्त छायाचित्रे काळजीपूर्वक घेतली आणि ती टिकली.

आपल्याकडचे याहून जुने उदाहरण अजिंठ्याचे आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले गेले. त्यांनी अनेक वर्षे खपून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की गिल यांनी नंतर दुहेरी भिंगाचा कॅमेरा हाती घेतला आणि अजिंठा-वेरूळची जोडचित्रे काढली. ती जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये लंडनला दोन पुस्तकांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी लेण्यांवरच्या पुस्तकात ७४ छायाचित्रे आहेत आणि दुसरे पुस्तक तर शंभर जोडचित्रांचेच आहे.

जोडचित्रात लेण्यांच्या दर्शनी भागांची आणि स्तंभांच्या रांगांची खोली अशी दिसते की ओवरीत आपणच उभे आहोत असे वाटते. दोनदा आगीत गेल्या त्या हाताने रंगवलेल्या नकला. दीडशेहून अधिक वर्षांनी हाती उरले ते कागदावरचे दोन छोटे ठसे, आणि ते पाहायला दोन भिंगांपलीकडे काही लागत नाही. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे, त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा.

रानवारा

काचपट्टी, अवांतर होत असल्यास क्षमा करा, पण आपल्या कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका हीसुद्धा याच जातीची होती ना?

काचपट्टी

नाही. महादेव पटवर्धन यांचे १८९२ चे ते खेळ रंगवलेल्या काचपट्ट्या दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडून होत असत. तिथे दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसते. जोडचित्रात डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळी चित्रे दाखवली जातात, आणि सगळा खेळ त्या ‘किंचित’मध्ये असतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दोन आरसे काटकोनात लावून हे प्रथम जाहीरपणे दाखवले, तेव्हा छायाचित्रण सर्वांसमोर आलेलेही नव्हते. त्यांनी रेघांची चित्रे वापरली. डेव्हिड ब्रूस्टर यांचे भिंगांचे उपकरण लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात गाजले आणि त्यानंतर ही जोडचित्रे युरोपात घरोघर गेली.

एकाक्ष

मी जन्मापासून एकाच डोळ्याने पाहतो, त्यामुळे हा धागा वाचताना मला संगीताच्या बैठकीत बसलेल्या बहिऱ्यासारखे वाटत आहे. वेशीवरचा यांना एवढेच सांगतो की गावात तुम्ही जोडचित्रे दाखवाल तेव्हा माझ्यासारखे काही निघतील. त्यांना दोन डोळ्यांचा मेळ साधत नाही आणि बहुतेकदा त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. अशांना “काहीच दिसत नाही” असे म्हणण्याची मोकळीक द्या. शाळेत व्ह्यू-मास्टर फिरत आला तेव्हा मी सगळ्यांबरोबर “अबब” म्हणालो होतो.

भूस्तर

एकाक्ष, तुम्ही एकटे नाही आणि तुमची संगत मोठी आहे. झाइस कंपनीत काम करणारे कार्ल पुल्फ्रिख यांनी १९०१ मध्ये जोडचित्रांवरून मोजमाप करणारे यंत्र तयार केले आणि त्या विद्येचा पाया घातला. पुढे त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्यासमोर काळी काच धरून झुलता लंबक पाहिला तर तो सरळ न झुलता लंबगोलात फिरल्यासारखा भासतो. या भासाचे स्पष्टीकरण त्यांनी १९२२ मध्ये दिले आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो त्यांना स्वतःला दिसत नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मी भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या विभागात विमानातून घेतलेली जोडछायाचित्रे खिशातल्या स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे जोडचित्र पाहण्याच्या दुहेरी भिंगाखाली, पाहणे हा पहिल्या वर्षाचा पाठ असे. विमान पुढे जाताना प्रत्येक छायाचित्र आधीच्यावर साधारण साठ टक्के चढवून घेतलेले असते. त्यामुळे दोन छायाचित्रांतील अंतर माणसाच्या डोळ्यांतील अंतरापेक्षा हजारो पटींनी मोठे होते आणि जमिनीचा चढउतार फुगून दिसतो. एखादी बारीकशी पायरी कड्यासारखी भासते. नकाशा करणाऱ्याला हा दोष वाटेल, पण खडकातील भेग शोधणाऱ्याला तो आशीर्वाद असतो. वीरगळाच्या बाबतीत हेच सूत्र लावता येईल.

डोळ्यांतील अंतर सरासरी साडेसहा सेंटीमीटर धरतात. दोन छायाचित्रांतील अंतर म्हणजे सर्वांत जवळच्या वस्तूपर्यंतच्या अंतराचा तिसावा भाग, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. दोन मीटरवरून वीरगळ घेतलात तर तो ठोकताळा आणि तुमचे डोळे एकाच आकड्यावर येतात. तिथून सुरुवात करा.

मोजपट्टी

भूस्तर सरांचा मान राखून लिहितो, पण माझा मुद्दा तसाच आहे. तीच दोन छायाचित्रे माझ्या साठांत आपोआप असतात.

भूस्तर

तसे नसते, जरा हिशेब करून पाहा. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीचा कॅमेरा आणि २४ मिलिमीटरचे भिंग धरा. दोन मीटरवरून तीन मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. तुम्ही ऐंशी टक्के चढवून छायाचित्रे घेता, म्हणजे दर वेळी वीस टक्के, अर्थात साठ सेंटीमीटर सरकता. डोळ्यांतील अंतराच्या हे नऊ पट झाले. वीरगळाचा उठाव उथळ असल्याने डोळे ते कदाचित जुळवूनही घेतील, पण पाच सेंटीमीटरचा उठाव नऊ पट फुगून वीराचे नाक चोचीसारखे पुढे येईल. आकृतीच्या ज्या कडा एका डोळ्याला दिसतील त्या दुसऱ्याला दिसणारच नाहीत, आणि पुढची जमीन व मागची भिंत तर फाटूनच जाईल.

मोजपट्टी

हिशेब मान्य आहे. पण तो उलट बाजूनेही करायला हवा, कारण तुमचे साडेसहा सेंटीमीटर मोजमापाला निकामी आहेत. तोच कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा असेल तर सेन्सरवरचा एक बिंदू (पिक्सेल) सहा मायक्रॉनचा होतो. दोन मीटरवर, साडेसहा सेंटीमीटर अंतराच्या जोडीत, एका बिंदूची चूक म्हणजे खोलीत पंधरा मिलिमीटरची चूक. वीरगळाचा उठाव मुळात चार-पाच सेंटीमीटर असताना हे माप कोणाच्या उपयोगाचे? साठ सेंटीमीटरच्या जोडीत तीच चूक दोन मिलिमीटरच्या आत येते, आणि साठ छायाचित्रे मिळून ती आणखी खाली जाते.

म्हणजे पाहण्याची जोडी आणि मोजण्याची जोडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे दुरुस्त करून घ्यावे लागेल. “कोणतीही दोन उचला” हे माझे विधान मागे घेतो.

रानवारा

मराठी संकेतस्थळावर एखाद्याने विधान मागे घेतल्याची नोंद कोणत्या पद्धतीने करून ठेवावी, हाही वारशाचाच प्रश्न आहे.

शिलालेखी

एक राहून गेलेला मुद्दा मांडतो. वीरगळावर कधीकधी एक-दोन ओळींचा लेख असतो. झिजलेला लेख वाचायला आम्ही लोक ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, वर शाई लावून ठसा घेतो. ते काम जाणकाराकडूनच व्हावे, कारण चुकीच्या हाताने दगडाची पापुद्री निघते. छायाचित्रासाठी अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरण्याची पद्धतही कटाक्षाने टाळावी. त्याऐवजी बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडला तर अक्षरे सावलीतून उभी राहतात. कॅमेरा स्थिर ठेवून असा उजेड वेगवेगळ्या दिशांनी टाकायचा आणि ती छायाचित्रे संगणकात एकत्र करून हवा तसा उजेड फिरवायचा, ही रीत टॉम माल्झबेंडर यांच्या २००१ मधील कामातून निघाली. लेख वाचण्यासाठी तिच्यापुढे जोडचित्र मला दुय्यम वाटते. परंतु एकाक्ष यांच्यासारख्यांना ती पूर्ण उपयोगी आहे, कारण तिला एकच डोळा पुरतो.

दूरदेशी

मी जर्मनीत राहतो आणि वेत्सलारचे चर्च पाहिलेले आहे, म्हणून एक भर घालतो. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण अभियंता १८५८ मध्ये त्या चर्चचे मोजमाप घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि इमारतीवर न चढता छायाचित्रांवरूनच ती मोजता यावी हा विचार त्याला तेव्हा सुचला असे सांगतात. त्याच्याच प्रयत्नाने १८८५ मध्ये बर्लिनला अशा कामाची सरकारी संस्था निघाली, आणि तिच्या सुमारे वीस हजार मोठ्या काचपट्ट्या जमल्या. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या अभ्यासात त्यांचा आधार घेतला गेला. गंमत अशी की त्याच्या पद्धतीत दोन डोळ्यांनी पाहण्याला स्थानच नव्हते. दूरदूरच्या ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन रेषा जुळवायच्या, इतकेच. म्हणजे वर मोजपट्टी आणि भूस्तर यांच्यात झालेला वाद दीडशे वर्षांचा आहे.

मोजपट्टी

दूरदेशी, आभार. आमच्या क्षेत्रात सीपा ही १९६८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समिती आहे. साध्या कॅमेऱ्याने वास्तूची नोंद कशी करावी याचे तिचे ‘तीन गुणिले तीन’ नियम प्रसिद्ध आहेत. आज पुन्हा उघडून पाहिले, तर त्यांत जोडीची छायाचित्रेही घ्यावीत असा नियम आहेच. तेव्हा मी इतकी वर्षे तो वाचून पुढे गेलो होतो असे दिसते.

वेशीवरचा यांच्यासाठी त्यांतले कामाचे तेवढे सांगतो. ज्ञात अंतर चौकटीत हवे. दोन मोजपट्ट्या काटकोनात ठेवल्या तर अधिक चांगले. झूम एकदा ठरवल्यावर हलवू नये आणि फोकसही हाताने एकदाच लावावा. मूळ फाइल कधीही कातरू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या भिंगाने, कोठून घेतले याचा कच्चा आराखडा हाताने काढून त्याचेही छायाचित्र घ्यावे. हे केलेत तर तुमची छायाचित्रे उद्या कोणीही वापरू शकेल.

वेशीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका आहे. कॅमेरा एकच असताना पहिले छायाचित्र घेऊन दुसऱ्यासाठी सरकेपर्यंत काही बदलले तर?

भूस्तर

दगड बदलत नाही, त्यामुळे एक कॅमेरा पुरतो. ट्रायपॉडवर आडवी पट्टी बसवा, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा करा आणि कॅमेरा न फिरवता फक्त बाजूला सरकवा. ट्रायपॉड नसेल तर आधी डाव्या पायावर भार देऊन एक आणि मग उजव्या पायावर भार देऊन दुसरे, अशीही घेतात. मात्र कॅमेरा वर-खाली झाला की पाहणाऱ्याचे डोके दुखते. बदलतात त्या इतर गोष्टी. पिंपळाची सावली हलते, मध्येच शेळी येते, ऊन ढगाआड जाते. सकाळी तिरपे ऊन असताना, वारा पडलेला असताना, दोन्ही छायाचित्रे काही सेकंदांच्या आत घ्या. अजिंठ्यासारख्या ठिकाणी हे सोपे नाही. तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला परवानगी लागते. तुमच्या वेशीवर ती अडचण नाही.

तेल-शेंदूर लागलेल्या दगडाची चमक डाव्या डोळ्याला एकीकडे आणि उजव्याला दुसरीकडे दिसते, त्यामुळे पृष्ठभाग पाण्यासारखा लुकलुकतो. अशा दगडांसाठी ढगाळ दिवस निवडा किंवा भिंगावर पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारी काच, लावा.

आणि एक सूचना. प्रत्येक वीरगळाच्या दोन जोड्या घ्या. एक साडेसहा सेंटीमीटरची, म्हणजे उभे राहून पाहणाऱ्याला दिसेल तशी. दुसरी वीस सेंटीमीटरची, तिच्यात उठाव तिपटीने वाढेल. झिजलेल्या चौकटी वाचायला दुसरी वापरा, पण तिच्यावर अंतर लिहून ठेवा, नाहीतर पुढचा संशोधक शिल्पकाराच्या खोल कोरीवकामावर निबंध लिहील.

रानवारा

जोडचित्र उपकरणाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी जुळवता येते असे कुठेतरी वाचले. गेला अर्धा तास मी काचपट्टी यांनी सांगितलेल्या जुन्या जोडचित्रांपैकी एक पडद्यावर उघडून त्याकडे तिरळे पाहत बसलो आहे. घरच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

काचपट्टी

तिरळे पाहिलेत तिथेच चुकले. जुनी जोडचित्रे डावे डावीकडे, उजवे उजवीकडे अशी चिकटवलेली असतात. ती नजर दूर सोडून, चित्राच्या आरपार क्षितिज पाहिल्यासारखी पाहायची. डोळे तिरळे केले की डाव्या डोळ्याला उजवे चित्र मिळते आणि खोली उलटी होते. म्हणजे स्तंभ खड्ड्यांसारखे आणि दालन फुगवट्यासारखे. तिरळे पाहायचेच असेल तर दोन्ही चित्रांची अदलाबदल करून घ्यावी. पडद्यावर मोठी चित्रे पाहायला ती पद्धत उलट सोपी पडते, कारण आरपार पाहताना दोन चित्रांतील अंतर डोळ्यांतील अंतरापेक्षा फार वाढवता येत नाही.

रानवारा

अदलाबदल केली. दिसले! आता मात्र घरच्यांना ही बातमी कशी द्यावी हा प्रश्न आहे.

वेशीवरचा

गावात दाखवण्यासाठी लाल-निळ्या चष्म्यांचा विचार मी करत आहे. ते कागदी चष्मे स्वस्त पडतात आणि शाळेतल्या प्रदर्शनात शंभर मुलांना एकाच वेळी वाटता येतात. यात काही धोका आहे का?

मोजपट्टी

तुमच्याकडे शेंदूर आहे, म्हणून धोका आहे. शेंदराचा भडक तांबडा लाल काचेतून जवळजवळ पांढरा दिसतो आणि निळसर काचेतून काळा. दोन डोळे एकाच जागी पांढरे आणि काळे पाहतात, आणि मेंदू कोणावर विश्वास ठेवावा हे न कळून भांबावतो. आधी दोन्ही छायाचित्रे कृष्णधवल करा आणि मगच लाल-निळी एकत्र करा. रंगाची नोंद मूळ फायलींत आहेच. मोजक्या लोकांना रंगीत दाखवायचे असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात भिंगे लावून त्यात मोबाइल ठेवण्याचे जे साधन मिळते ते वापरा.

शिलालेखी

वेशीवरचा, काम सुरू करण्यापूर्वी बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहून यावे असे सुचवतो. त्यांच्यावर नौकांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकातील यादव आणि शिलाहार यांच्या समुद्रावरील युद्धाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. वल्ह्यांच्या रांगा एकामागे एक कशा कोरल्या आहेत ते दोन डोळ्यांनी पाहिले की तुमची जोडी कोठे उभे राहून घ्यावी हे आपोआप कळेल.

वेशीवरचा

एकसरला जाणे अद्याप झाले नाही, पण गेले दोन रविवार वेशीवर काढले. पट्टी गावातल्या सुताराकडून करून घेतली. तिच्यावर शून्य, साडेसहा आणि वीस अशा तीन खाचा आहेत, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही जोड्या होतात. शिवाय मोजपट्टी यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक दगडाभोवती फिरून साठ छायाचित्रेही घेतली. सात वीरगळ आणि एक सतीशिळा पूर्ण झाली. दुसऱ्या सतीशिळेला पिंपळाचे मूळ बिलगले आहे. तिच्या वाकवलेल्या हातातल्या बांगड्या कशाबशा दिसतात, आणि मूळ न काढता ती पूर्ण घेता येणार नाही.

पहिल्या रविवारची निम्मी जोडचित्रे मी डावी-उजवी उलटी लावली होती. लढणारे वीर दगडात खोल रुतलेले दिसू लागले, परंतु चेहरे मात्र हट्टाने बाहेरच राहिले. मेंदू चेहरा खोलगट मानायला तयार होत नाही असे दिसते.

आता मुख्य गोष्ट. पाच क्रमांकाच्या वीरगळाच्या तळच्या चौकटीत दोन गाई आहेत असे गावात सगळे सांगतात आणि मीही तसेच लिहून ठेवले होते. साडेसहाच्या जोडीत दोनच दिसल्या. वीसच्या जोडीत त्यांच्या मागे तिसरीची पाठ आणि एक शिंग आहे. आज सकाळी तिथे जाऊन बोट फिरवले, ती आहे. संगणकाच्या प्रतिकृतीतही ती सापडली, पण तिथे आहे हे ठाऊक झाल्यानंतर.

मोजपट्टी

मूळ फायली पाठवाव्यात. त्या पाठीचा उठाव किती मिलिमीटर आहे ते काढून सांगतो.

भूस्तर

त्या जोडीच्या नावात ‘वीस सें.मी.’ लिहिले आहे ना?

वेशीवरचा

लिहिले आहे सर. फाइलच्या नावातही आणि पाठीमागे पेन्सिलनेही. एकाक्ष, तुमच्यासाठी त्याच जोडीची दोन छायाचित्रे एकाआड एक दाखवणारे हलते चित्र केले आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जुनी जोडचित्रे अशीच हलवून दाखवण्याची सोय २०१२ मध्ये केली होती, तिथून कल्पना घेतली. वर दुवा जोडला आहे. काही दिसते का ते कळवा.

एकाक्ष

पाहिले. पुढच्या दोन गाई हलतात आणि मागची पाठ त्यांच्यापेक्षा थोडी कमी हलते, त्यावरून ती मागे आहे हे मलाही कळले. शिंग मात्र मला शिंगासारखे वाटत नाही, दगडाचा टवका वाटतो. मोजपट्टी यांचे माप येईपर्यंत मी यावर ठाम आहे.